पांढऱ्या जागेतली पायवाट

माझे वडील भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होते. त्यामुळे नकाशा ही आमच्या घरात भिंतीची शोभा कधीच नव्हती. नकाशा म्हणजे कोणाचा तरी बांध, कोणाची तरी विहीर आणि बहुधा दोन भावांमधला अबोला. तेहेतीस फुटांच्या साखळीने जमीन मोजायची, त्या साखळीच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे मी पाढ्यांच्या जोडीनेच शिकले. वडील निवृत्त झाले, पुढे गेलेही. त्यांची साखळी कोठे गेली, हे आज घरात कोणालाच सांगता येत नाही.

संसाराच्या ओघात मी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात येऊन राहिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. प्रेअरी हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम भेटतो तो पुस्तकांतून, आणि तेथेच तो राहतो. माझ्या बाबतीत तो पुस्तकाबाहेर आला तो जुन्या स्थलदर्शक नकाशांमुळे. आपले गिर्यारोहक ज्यांना ‘टोपोशीट’ म्हणतात, त्या जातीच्या नकाशांमुळे. या नकाशांनी मला काय दाखवले आणि एकदा कसे तोंडघशी पाडले, ते सांगावे म्हणून हे टिपण.

या प्रदेशाची आखणी आधी झाली, नवी वस्ती नंतर. 1785 च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील जमिनीवर चौकटींचे जाळे टाकण्याची पद्धत घालून दिली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. त्याचा चतकोर, म्हणजे 160 एकर, 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली एका कुटुंबाला मागता येई. मोजणीची साखळी होती सहासष्ट फुटांची, माझ्या वडिलांच्या साखळीच्या नेमकी दुप्पट. हे प्रथम वाचले तेव्हा परमुलखात दूरचे कोणी आप्त भेटावे तसे मला वाटले. सेक्शनांना क्रमांक देण्याची रीतही ओळखीची निघाली. ईशान्येच्या कोपऱ्यापासून एक ते सहा पश्चिमेकडे जायचे, मग खाली उतरून सात ते बारा उलट पूर्वेकडे यायचे. नांगराचे बैल तासाच्या शेवटी वळतात तसे.

साम्य मात्र येथेच संपते. आपल्याकडे गावाची शीव ओढ्याबरोबर वळते, टेकडीला वळसा घालते, एखाद्या जुन्या झाडाशी थबकते. कॅन्ससमध्ये ओढा रेषेला जुमानत नाही आणि रेषा ओढ्याला जुमानत नाही. रस्ते बहुतांशी सेक्शनच्या कडेने काटकोनात धावतात.

या चौकटींवर पुढे दुसरा थर चढला तो स्थलदर्शक नकाशांचा. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था 1879 साली स्थापन झाली आणि काही वर्षांतच तिने देशाचे नकाशे काढण्यास आरंभ केला. तिपाईवर प्लेन टेबल मांडून, जागेवरच कागदावर रेघ ओढत हे काम चाले. कॅन्ससची सुरुवातीची पत्रके ढोबळ आहेत. त्यांवर एका इंचात सुमारे दोन मैल बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पत्रकांचे प्रमाण 1:24,000 आहे, म्हणजे एक इंच म्हणजे दोन हजार फूट. त्यांत घर म्हणजे काळा ठिपका, शाळा म्हणजे ठिपक्यावर इवलासा ध्वज, चर्च म्हणजे क्रूस. पाणी निळे, उंचसखलपणा तपकिरी, झाडी हिरवी. पुढे हवाई छायाचित्रांवरून ज्या दुरुस्त्या केल्या, त्या पुष्कळ पत्रकांवर जांभळ्या रंगात छापल्या. जांभळी शाई याचा अर्थ असा, की वरून पाहिले आहे, जागेवर जाऊन पडताळलेले नाही. इतका प्रामाणिकपणा आपण समीक्षक मंडळी आपल्या लेखनात क्वचितच दाखवतो. आता हे सारे जुने नकाशे, पावणेदोन लाखांहून अधिक, महाजालावर विनामूल्य पाहता येतात. मी मात्र प्रथम ते पाहिले एका ग्रंथालयाच्या सपाट लोखंडी खणांत, आणि अजूनही कागदच मला सोयीचा वाटतो. एकाच जागेची दोन काळांतील पत्रके शेजारी शेजारी मांडता येतात.

माझे वाचन प्रामुख्याने चेस काउंटीचे. पूर्व-मध्य कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांत ती आहे. चुनखडक आणि शेल यांचे थर आलटून पालटून आल्यामुळे येथील उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, आणि समोच्चरेषा त्या पायऱ्या अचूक पकडतात. चुनखडकात गारगोटीच्या जातीचा चकमक दगड खच्चून भरलेला असल्याने माथ्यावर नांगर चालला नाही. म्हणूनच उंच गवताची प्रेअरी येथे शिल्लक राहिली. मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी प्रेअरी आज उरली आहे आणि तिचा मोठा भाग याच टेकड्यांत आहे.

1900 साली या काउंटीत आठ हजारांहून अधिक माणसे राहत होती. 2020 च्या जनगणनेत ती 2,572 भरली. आकड्यांत ही घट एका ओळीत संपते. नकाशांत ती एकेक ठिपक्याने वाचावी लागते. सॅफर्डव्हिलचे उदाहरण घ्या. कॉटनवुड नदीच्या काठचे हे गाव पुरांनी, विशेषतः जुलै 1951 च्या महापुराने, मोडले. लोक उंचावर निघून गेले, पण गावाचे नाव तेथील नकाशापत्रकाला चिकटून राहिले. गाव नाही आणि त्याच्या नावाचा नकाशा आहे, ही अवस्था साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटू नये.

या काउंटीवर विल्यम लीस्ट हीट-मून यांनी 1991 साली ‘प्रेअरीअर्थ’ हा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. त्याची रचनाच बारा नकाशापत्रकांच्या चौकटींवर बेतलेली आहे, आणि लेखक आपल्या ग्रंथाला ‘खोल नकाशा’ म्हणतो. मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची रीत. तो चौकट स्वीकारतो आणि मग पायी निघतो. चौकट त्याला कोठे जायचे ते सांगते. तेथे काय आहे, ते तो तेथील माणसांना विचारतो. ही रीत मी वाचली होती, मनोमन वाखाणलीही होती. ती अंगी मुरलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. वय सत्त्याऐंशी. त्यांचे बालपण चेस काउंटीत गेले. त्यांची आई तेथील एका खोलीच्या शाळेत शिक्षिका होती आणि बाईही त्याच शाळेत शिकल्या. अशा शाळा गेल्या शतकात एकेक करून बंद होत गेल्या. 1963 च्या शाळा एकीकरण कायद्यानंतर त्यांचे युग जवळजवळ संपलेच. मी जुने नकाशे पाहते हे कळल्यावर बाईंनी विचारले, “माझी शाळा सापडेल का?”

मी मोठ्या उत्साहाने कामाला लागले आणि आरंभीच घसरले. 1854 च्या कायद्याने कॅन्ससमधील प्रत्येक टाउनशिपचे सोळावे आणि छत्तिसावे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवले होते, हे मला ठाऊक होते. तेव्हा शाळा तेथेच असणार, असे गृहीत धरून मी सोळाव्या सेक्शनची वाट धरली. तेथे कुरण होते, गुरे होती; शाळा कधी असल्याचे चिन्ह नव्हते. ही सेक्शने शाळा बांधण्यासाठी नव्हती, ती विकून शाळांसाठी निधी उभा करण्यासाठी होती, हा उलगडा मागाहून झाला. शाळा उभ्या राहत त्या मुलांना चालत येता येईल अशा जागी, बहुधा एखाद्या शेतकऱ्याने काढून दिलेल्या कोपऱ्यात. बाईंच्या घराच्या खुणेवरून शोधत गेले तेव्हा महायुद्धानंतरच्या पत्रकावर ध्वज सापडला. घर एका सेक्शनच्या कोपऱ्याशी, शाळा त्याच सेक्शनच्या समोरच्या कोपऱ्याशी.

नकाशा घेऊन मी बाईंकडे गेले. ध्वजावर बोट ठेवताच त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “घरापासून दीड मैल. आई रोज मोजायची.”

मी म्हणाले, “दोन मैल. हे पाहा, एक मैल दक्षिणेला आणि मग एक मैल पश्चिमेला.”

त्यांनी नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, “असेल. अलीकडे माझे फार चुकते.”

त्या ‘असेल’चे वजन मला तेव्हा कळले नाही. त्यांच्या विस्मरणाला त्या सुमारास नुकती सुरुवात झाली होती. औषधाची वेळ, नातवाचे नाव, आजचा वार, घरातले प्रत्येकजण दिवसभर त्यांना दुरुस्त करीत असे. बालपण हा एकच मुलूख असा होता, जेथे त्यांना कोणी दुरुस्त करीत नव्हते. मी तेथेही पट्टी घेऊन पोहोचले होते.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तेथे गेलो. बाई, त्यांचा मुलगा आणि मी. कुरणाच्या मालकाची परवानगी घेतली होती. शाळेच्या जागी चुनखडीच्या पायाच्या दोन ओळी, गंजलेला हातपंप आणि लायलॅकचे माजलेले झुडूप एवढेच होते. बाई काठीवर रेलून उभ्या राहिल्या. मी पुन्हा नकाशा उघडला आणि येण्याचा रस्ता दाखवू लागले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलेच नाही. काठी उचलून ईशान्येकडे, खांद्याइतक्या वाढलेल्या तांबूस गवताकडे रोखली. म्हणाल्या, “रस्त्याने कोण जाणार? आम्ही तिथून यायचो. त्या दोन टेकड्यांच्या मधून. आई पुढे, आम्ही मागे. पावसाळी दिवसांत ती स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून घ्यायची.”

एक मैल बाजूच्या चौरसाचा कर्ण 1.41 मैल भरतो. टेकडीचा चढउतार धरला तर दीड. शाळकरी भूमिती, पण ती करण्याचे माझ्या मनात आले नव्हते, कारण कर्णाच्या जागी नकाशावर काहीच नव्हते. तेथे कागद पांढरा होता.

त्या पांढऱ्या जागेविषयी मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. या नकाशांवर झाडीला हिरवा रंग आहे, पाण्याला निळा आहे. गवताला रंग नाही. ज्या गवतामुळे प्रेअरी ही प्रेअरी आहे, ते नकाशावर कोऱ्या कागदाच्या रूपाने असते. नकाशा येथे खोटे बोलत नाही. उघड्या जमिनीसाठी पांढरा असा त्याचा संकेत आहे, आणि तो सूचीत सांगितलेला आहे. ‘पांढरे म्हणजे रिकामे’ हा अर्थ मी पदरचा घातला होता. शिवाय घरी येऊन पाहिले, तर बाईंनी दाखवलेल्या दोन टेकड्यांमधली ती खोलगट वाट समोच्चरेषांत स्पष्ट दिसत होती. नकाशाने साक्ष दिली होती. मी काळ्या आणि लाल रेषा वाचून तपकिरी सोडून दिल्या होत्या.

आणि मग या पांढऱ्यात आणखी कोण कोण आहे, हाही प्रश्न आला. ज्या कान्सा ऊर्फ काव लोकांवरून राज्याला नाव मिळाले, त्यांच्याकडून 1825 आणि 1846 च्या करारांनी जमिनी काढून घेण्यात आल्या. चेसच्या उत्तरेला लागून असलेल्या मॉरिस काउंटीत, काउन्सिल ग्रोव्हच्या परिसरात त्यांना राखीव प्रदेश मिळाला. 1859 मध्ये तोही आक्रसला, आणि 1873 साली त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. सर्वेक्षण संस्थेची स्थापना त्यानंतर सहा वर्षांची. बाईंच्या शाळेचा ध्वज निदान एका पत्रकावर आहे आणि पुढच्या पत्रकावर नाही. त्या दोहोंच्या तुलनेतून लोप वाचता तरी येतो. काव लोकांच्या वस्त्या या मालिकेत मुळात आल्याच नाहीत. दोन आवृत्त्यांची तुलना करण्याची आपली आवडती पद्धत तेथे थिटी पडते, कारण पहिल्या आवृत्तीच्या आधीच पान फाडलेले असते. तेथे करारांकडे आणि त्या लोकांच्या वंशजांकडेच वळावे लागते.

वडिलांची एक सवय मला आता आठवते. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना बोलावणे हा नियमच होता. पण ते आले की वडील लगेच कागद उघडत नसत. बांधावर बसून आधी प्रत्येकाचे म्हणणे ऐकत. एखादा म्हातारा आपल्या आजोबांच्या वेळच्या विहिरीपासून सुरुवात करी, ऊन चढत जाई, शिपाई चुळबुळ करी. मी लहानपणी एकदा विचारले होते, “नकाशा तुमच्याकडेच आहे, मग यांना कशाला विचारायचे?” ते म्हणाले होते, “आधी नकाशा दाखवला की माणसे नकाशाचेच बोलतात.”

बाईंनी माझ्या हातातला नकाशा पाहून ‘असेल’ म्हटले, ते हेच होते. परतीच्या प्रवासात मी त्यांना म्हणाले, “तुमचे बरोबर होते. दीड मैल.” त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, “ठाऊक आहे मला.” मग थोड्या वेळाने मुलाकडे वळून त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले.