बर्फाखालचा बिनबोलावलेला पाहुणा

अमेरिकेच्या नकाशात युटा आणि वायोमिंग या दोन राज्यांची सीमा शोधली की तिच्यावर आडवी पडलेली एक लांबट निळी रेघ दिसते. ती फ्लेमिंग गॉर्ज जलाशयाची. ग्रीन नदी अडवून इथे १५३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. १९६४ साली ते पूर्ण झाले आणि त्याच्या मागे जवळजवळ १४५ किलोमीटर लांब पाणी साठले. जॉन वेस्ली पॉवेल हा संशोधक १८६९ मध्ये होड्या घेऊन या नदीतून गेला. इथले लाल खडक उन्हात पेटल्यासारखे दिसले म्हणून त्याने या जागेला ‘धगधगती घळ’ या अर्थाचे नाव दिले.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मात्र धग कुठेच नव्हती. जानेवारी महिना होता. धाकटा भाऊ सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. त्याच्या घरून फज्र पढून निघालो आणि बर्फाच्या डोंगरांमधून साडेतीन-चार तासांत मॅनिला नावाच्या छोट्याशा गावी आलो. गाव कसले, चार दुकाने आणि एक पेट्रोल पंप. गावापलीकडे जलाशय, आणि जलाशयावर माणसे चालत होती!

पाण्यावर पाऊल टाकायला आमचे मन धजेना. भावाने समजावले, निदान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ असेल तरच माणसाने त्यावर चालायचे. आधी बर्फ मोजायचा, मग पुढे सरकायचे. सुताराच्या गिरमिटासारखे पण माणसाच्या छातीइतके उंच यंत्र फिरवून लोक बर्फात भोके पाडत होते. भोकाशेजारी लहान तंबू, तंबूत शेगडी, बसायला उलटी बादली, हातात वीतभर काठीचा गळ. मधूनच पायाखालून मोठा घुमारा यायचा, दूर कुठे तोफ उडाल्यासारखा. मुले घाबरून बिलगली. थंडी-उन्हाने बर्फ आकसतो, पसरतो, त्याचा तो आवाज. अनुभवी लोक त्याकडे लक्षही देत नव्हते.

मगरिब तिथेच झाली. थर्मासातल्या कोमट पाण्याने वुजू केला. घरून वुजू करूनच चामडी मोजे चढवले होते, त्यामुळे पायांवर मसह पुरला. दीनने दिलेल्या सवलतीची किंमत अशा जागी कळते. किब्ला होता ईशान्येला. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलेल्या आम्हाला क्षणभर वेगळे वाटले, पण जमीन गोल आहे हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या सफेत मुसल्यावर अधिक पटले.

अंधार पडला आणि खरी शिकार सुरू झाली. भावाच्या गळाला ओढ बसली. वर आला तो मासा आम्ही कधी पाहिला नव्हता. डोके चपटे, अंग वामसारखे लांब आणि बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. बाहेर येताच त्याने भावाच्या मनगटाला विळखा घातला. हा बर्बॉट. ज्याच्या यकृताचे तेल आपल्या आयांनी आपल्याला चमच्याने पाजले, त्या कॉडच्या गोतातला गोड्या पाण्यात राहणारा हा एकच मासा.

पोर लहान होते, वीतभर. आम्ही म्हणालो, “लहान आहे, सोडून दे पाण्यात.”

“नाही भाईजान. हा सोडायचा नाही, असा इथला कायदाच आहे,” भाऊ म्हणाला. “ट्राउट किती धरायचे त्याला मर्यादा आहे. याला नाही. जितके मिळतील तितके धरायचे आणि लगेच मारायचे.”

दहा वर्षांच्या पुतण्याने विचारले, “बडे अब्बू, याने काय गुन्हा केला?”

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते.

बर्बॉट याच वायोमिंगचा, पण डोंगररांगेपलीकडच्या विंड नदीच्या खोऱ्यातला. तिथे तो मूळचा रहिवासी. विंडचे पाणी मिसुरीकडे जाते, ग्रीनचे कोलोरॅडो नदीकडे. मध्ये पहाड आहे. मासा आपण होऊन तो ओलांडू शकत नाही. कुणीतरी त्याला बादलीत घालून या बाजूला आणले आणि गुपचूप पाण्यात सोडले. ग्रीनच्या एका उपनदीत तो आधी वाढला, मग पाण्याबरोबर खाली उतरला आणि २००६ च्या सुमारास फ्लेमिंग गॉर्जमध्ये सापडला. हिवाळ्यात बर्फाखाली तो वीण घालतो, एक मादी लाखो अंडी देते. झिंगे, लहान बास, ट्राउटची आणि कोकनी सामनची पिल्ले, काही वर्ज्य नाही. इथल्या हॉटेलांचा, होडीवाल्यांचा, दुकानदारांचा रोजगार त्या ट्राउट-कोकनीवर. याच पाण्यात १९८८ साली सुमारे २३ किलोचा लेक ट्राउट मिळाला होता. म्हणून स्थानिक लोकांनी बर्बॉट पकडण्याची स्पर्धाच सुरू केली आणि बक्षिसे लावली. तरी मासा संपला नाही. सोडायला एक बादली पुरली, काढायला हजारो गळ अपुरे पडतात.

इथवर ऐकून राग त्या बादलीवाल्याचा येतो. पण या जागेचा आधीचा इतिहास वाचला तर राग थोडा वाटून घ्यावा लागतो.

धरणाचे दरवाजे बंद होण्याआधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, सरकारी खात्यांनीच ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पाण्यात रोटेनोन नावाचे विष ओतले. हेतू असा की नदीतले मूळचे मासे मरावेत आणि नव्या तलावात शौकिनांच्या आवडीचे ट्राउट मोकळे वाढावेत. मूळच्या माशांना तेव्हा ‘कचरा मासे’ म्हणत. विषाचा असर ठरलेल्या हद्दीत थांबवायची तयारी केली होती, ती कमी पडली आणि विष खालच्या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतही पोहोचले. काही मत्स्यशास्त्रज्ञांनी विरोध केला होता, तो कुणी मानला नाही. आज त्याच ‘कचऱ्या’तले कोलोरॅडो पाइकमिनो, हंपबॅक चब, बोनीटेल आणि रेझरबॅक सकर हे चार मासे कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना वाचवण्यासाठी मोठा खर्च चालू आहे.

म्हणजे रेनबो ट्राउट पाहुणा, कोकनी पाहुणा, बासही पाहुणा. मग बर्बॉटच का मारायचा? फरक आहे, आणि तो माशात नाही, माणसात आहे. खात्याचा निर्णय उघड होता. त्याला प्रश्न विचारता आला, चूक नोंदली गेली, पुढे कायदे बदलले. बादलीवाला कुणाला विचारत नाही आणि कुणाला जबाबदार नाही. माझ्या आवडीचा मासा माझ्या घराजवळ हवा, एवढाच त्याचा विचार. ज्या पाण्यावर हजारोंचा हक्क आहे त्याचा फैसला तो एकटा अंधारात करून टाकतो. आपल्या दीनने मशवऱ्यावर इतका भर का दिला, ते अशा वेळी समजते. मात्र १९६२ ची गोष्ट हेही सांगते की नुसता मशवरा पुरत नाही, जाणकाराचे कडू बोल ऐकायची तयारीही लागते.

पुतण्याला आम्ही एवढेच सांगितले: मासा निर्दोष आहे. कूटनई नदीवर धरण झाल्यावर शेजारच्या आयडाहो राज्यात हाच बर्बॉट जवळजवळ नाहीसा झाला. तिथले मूलनिवासी लोक त्याला उबवणीत वाढवून पुन्हा नदीत सोडत आहेत. इंग्लंडमधून तर तो १९६० च्या दशकातच संपला. एकाच माशासाठी एकीकडे दुआ आणि दुसरीकडे गळ. अल्लाहने प्रत्येक गोष्ट मीजानने, तोलून ठेवली आहे. तोल माणसाने बिघडवला, जीव मात्र माशाचा गेला.

मारलेला जीव वाया घालवणे आम्हाला पटत नव्हते. मासा असल्याने जबीहाचा प्रश्न नव्हता. भावजयने रात्री त्याची कातडी सोलून तुकडे हळद, आले-लसूण आणि आमसुलात मुरवले व तव्यावर तळले. मांस पांढरेशुभ्र, काटे कमी, चवीला थोडे शेवंडासारखे. पोरांनी ताटे साफ केली.

ही गोष्ट परदेशातली म्हणून तिथेच ठेवता येत नाही. आपल्याकडे १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया आणला गेला. तोच आज बाजारात ‘चिलापी’ म्हणून मिळतो. उजनीच्या जाळ्यांत तो किती येतो ते भिगवणच्या मच्छीबाजारात जाऊन पाहावे. आफ्रिकन मांगूरवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी चोरून पाळणारे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर तो शेततळ्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो.

आणि आपल्या घरातल्या काचेच्या टाकीचे काय? मुलांची हौस फिटली, परीक्षा जवळ आली, की मासे जवळच्या तलावात नाहीतर विहिरीत सोडून येतात. जीव वाचवला, सवाब मिळाला असे मनाला वाटते. टाकीची काच चाटणारा सकर मासा असाच जलाशयांत शिरला आणि आता मच्छीमारांची जाळी फाडतो. मासा नको झाला तर तो दुकानदाराला परत द्यावा, पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावा. पण नदी, तलाव, विहिरीत सोडू नये. ते पाणी एकट्या आपले नाही. ती अमानत आहे, आणि अमानतीत गुपचूप भर घालणे हीसुद्धा खयानतच.