नकाशात मे महिना नसतो

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला. "चिखलदऱ्याजवळ एक जागा पायली. पाऊण एकर हाय. तू पुन्यात बसून जरा त्याचा नकाशा-बिकाशा पाहून घे."

आमचं घर वरूडचं. बगीचा पाच एकरांचा, सगळा संत्रा. त्यातल्या दोन एकरांतली झाडं काही वर्षांपासून वाळत चालली आहेत. दर वर्षी सल काढायची, औषध द्यायचं, आणि पुढच्या वर्षी आणखी चार झाडं कमी झालेली मोजायची. बाबांचं म्हणणं असं, की हे दोन एकर विकावेत, आलेल्या पैशातून चिखलदऱ्याजवळ जागा घ्यावी, चार खोल्या बांधाव्यात आणि पर्यटकांना भाड्यानं द्याव्यात. "संत्र्याले भाव राह्यते नाई राह्यते, पन पावसाळ्यात लोकं चिखलदऱ्याले जातेच."

हे खरंच होतं. अमरावती-अकोल्याच्या माणसाला थंड हवेचं ठिकाण म्हटलं की एकच नाव आठवतं. आमची शाळेची सहल तिथे गेली, चुलतभावाचं लग्न ठरल्यावर सगळं घर तिथे गेलं, इंजिनिअरिंगला असताना आम्ही मोटारसायकलींवर भिजत तिथेच गेलो. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं हे ठिकाण शोधलं असं सांगतात. भीमानं कीचकाला मारून जिथे दरीत टाकलं ती जागा आपल्या लोकांना त्याआधीपासून माहीत होतीच, आणि कोरकू तर तिथे राहतच होते. इंग्रज तिथे जायचे ते उन्हाळ्याला कंटाळून. आता गर्दी होते ती पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि पोलिसांना जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा करावा लागतो. बाबांनी जागा पाहिली ती अशाच एका रविवारी. धुकं होतं, कणीस होतं, समोर दरीत धबधबे पडत होते. अशा वेळी कोणालाही जागा घ्यावीशी वाटेल.

मी नकाशा पाहायला बसलो.

*

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे. पण जमिनीचे कागद निराळे असतात. सातबारा, फेरफार, गट नंबर, मग झोन दाखला. आपल्याकडे कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरतं ते मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली. विकास आराखडा तयार होतो, त्यात जमिनीला रंग दिले जातात. राहण्याची जागा पिवळी, शेतीची हिरवी, व्यापाराची निळी. प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांकडून हरकती मागवतात. जमिनीच्या बाजारात यातले दोनच रंग चालतात: यलो आणि ग्रीन. एजंटनं बाबांना सांगितलं होतं, "आज ग्रीन आहे काका, पण यलो होणार म्हणजे होणारच." भाव त्या 'होणार'चाच होता.

चिखलदऱ्याच्या बाबतीत 'होणार' हा शब्द अगदीच हवेतला नाही. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी जी सिडको स्थापन झाली, तिलाच चिखलदरा आणि भोवतालच्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलेलं आहे. दरीवर काचेच्या स्कायवॉकचा प्रकल्प आला आणि त्याची बातमी लागली की दर वेळी जमिनीचे भाव बोलायला लागतात. दुसऱ्या बाजूला भोवती मेळघाट आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला एक. शिवाय चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेनं. म्हणजे बाहेरच्या माणसाला विकत घेता येईल अशी जमीन आधीच थोडी. जी आहे तिच्यावर सगळ्यांचे डोळे.

आम्हाला दाखवलेली जागा बिगर-आदिवासी खातेदाराची होती, बाबा स्वतः शेतकरी, म्हणजे व्यवहाराला अडचण नव्हती. तरी मी आठवडाभर त्या कागदांकडे पाहत राहिलो. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

ते कळलं ते तारकर्लीच्या आठवणीनं.

*

त्याच्या आदल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसातले आम्ही सहा जण मालवणजवळ तारकर्लीला गेलो होतो. सिंधुदुर्ग हा १९९७ साली जाहीर झालेला पर्यटन जिल्हा; आम्हाला वाटलं होतं, भरपूर पाण्यात खेळू. पोचलो तर सगळीकडे आवराआवर चाललेली. बोटी ओढून वर घेतलेल्या, ताडपत्र्या सोडलेल्या, झावळ्या उतरवून रचून ठेवलेल्या. पावसाळ्यात, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट, जलक्रीडा बंद असते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंना मी विचारलं, आता तीन महिने काय करणार? त्या म्हणाल्या, "काय म्हणजे? आमची भातशेती नाय काय?"

समुद्रकाठी बांधकामाचे नियम १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेपासून आहेत. भरतीरेषेपासून पाचशे मीटर हा पट्टा नियमाखाली. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले दोनशे मीटर बांधकामाला बंद. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर पन्नास मीटरवर आणलं. ते योग्य की अयोग्य हा वाद आहेच. माझ्या डोक्यात राहिली ती भरतीरेषा. ती जमिनीवर आखलेली असली तरी ती वेळेची रेषा आहे. पाणी रोज तिथे नसतं. मोठ्या भरतीला ते जिथवर येतं, ती ही रेषा. तुम्ही भर दुपारी ओहोटीला कोरड्या वाळूत उभे राहून 'इथे तर पाणीच नाही' म्हणालात, तरी नियम ऐकत नाही. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक तर हंगामापुरतेच मिळतात, सोडत काढून वाटतात, आणि मेअखेर मोडून न्यावे लागतात. वाळू पुन्हा रिकामी होते.

चिखलदऱ्याच्या कागदांत मला खटकत होतं ते हेच. नकाशा 'कुठे' ते सांगतो, 'कधी' ते सांगत नाही. पिवळा रंग जुलैत पिवळा आणि मेमध्येही पिवळाच. पण ते पठार मेमध्ये तेच राहत नाही.

मी बाबांना फोन केला. म्हटलं, मे महिन्यात जाऊ, मग ठरवू.

"तवरक भाव वाढते," बाबा म्हणाले. दोन दिवस नीट बोलले नाहीत.

*

गेलो ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा, धामणगाव गढी, मग घाट. ऑगस्टमध्ये जिथे जागोजागी पाणी पडत होतं तिथे काळा खडक होता. सागाचं जंगल पार उघडं. वर हवा खरोखर बरी होती, शक्कर तलावाकडे थोडी माणसं होती, पण बरीच हॉटेलं अर्धी बंद. आमच्या जागेच्या रस्त्याला कोणाकोणाची घरं दिसली, छान रंगवलेली, फाटकाला कुलूप. बाबा मोजत होते. नऊ घरं, आठांना कुलूप.

हा सगळा भाग काळ्या दगडाचा. पाऊस धो धो पडतो, पण पठाराला उतार आहे आणि दगडात पाणी धरायला जागा कमी. बरंचसं पाणी वाहून जातं, काही सिपनेतून तापीकडे, काही पूर्णेच्या खोऱ्यात. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो. पावसाळ्यात ज्याला पाहायला लोक लांबून येतात ते पाणी मेपर्यंत थांबत नाही.

आमच्या बगीच्यात संत्रा तोडायला मेळघाटातले मजूर येत आले आहेत. त्यातले एक काका लहानपणापासून माझ्या ओळखीचे. दिवाळीनंतर यायचे आणि होळीला काही केल्या थांबायचे नाहीत. कोरकूंचा तो सगळ्यांत मोठा सण. त्यांचं गाव तिथून जवळच, म्हणून बाबांनी त्यांना बोलावून घेतलं. जागा त्यांनीही पाहिली. विहीर कुठे लागेल, हे बाबांनी विचारलं. ते हसले. म्हणाले, विहीर लागेल, पाण्याचं सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "मालक, घर बांधाल तर मानूस तर लागंलच ना? बारा महिने लागंल का दोनच महिने?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

रात्री लॉजवर मी हिशेब केला. पाणीपुरवठ्याच्या सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेत साध्या हॉटेलच्या एका खाटेला दिवसाला १८० लिटर पाणी धरतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला ५५ लिटर. आमच्या चार खोल्या, दहा खाटा. भरल्या तर १८०० लिटर. म्हणजे बत्तीस माणसांचं पाणी. पावसाळ्यात ते कोणाच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं नाही, पाणी असतंच. पण चार खोल्यांचं कर्ज बारा महिने फेडायचं असतं. त्यामुळे आपण मेमध्येही खोल्या भरायचा प्रयत्न करणार, तेव्हा खालून टँकर मागवणार, आणि त्याच रस्त्यानं त्या काकांच्या गावचाही टँकर जाणार.

आमच्या कामात हा प्रश्न रोजचा. दिवाळीच्या सेलला वेबसाइटवर दसपट गर्दी होते. तेवढ्यापुरते सर्व्हर भाड्यानं घ्यायचे आणि गर्दी ओसरली की सोडून द्यायचे. तारकर्लीच्या झावळ्या म्हणजे जवळपास तेच. सिमेंटच्या खोल्या सोडून देता येत नाहीत, आणि भाड्यानं झरा मिळत नाही.

*

बाबांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. परतीच्या वाटेवर, चांदूर बाजारच्या पुढे, ते आपणहून बोलायला लागले ते वरूडबद्दल.

संत्र्याला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. मग पाणी सोडलं की फुटतं. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पावसाच्या सुरुवातीला. मृगाचं फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं, आंबियाचं तर सगळा उन्हाळा झाडावर असतं. म्हणजे पाणी नेमकं लागतं तेव्हा विहिरी खाली गेलेल्या असतात. आजोबांच्या वेळी विहिरीवर भागायचं. बाबांनी पहिला बोअर मारला तो तीनशे फूट. दुसरा साडेपाचशे. तिसरा साडेआठशे, आणि त्यातून धूळ निघाली. शेजाऱ्यानं मारला म्हणून आपण, आपण मारला म्हणून पलीकडच्यानं. वरूड-मोर्शीचा भाग भूजलाच्या कागदांवर अतिशोषित ठरला, लोक त्याला ड्राय झोन म्हणतात. झोन तिथेही होताच. फक्त तो पाणी गेल्यावर आला.

"आमी सगळ्यायनं चांगल्या बहाराचाच हिशोब केला," बाबा म्हणाले. "वाईट उन्हाळ्याचा कोनंच नाई केला."

चिखलदऱ्याच्या आराखड्याबद्दल माझं मत विचाराल तर एवढंच आहे. पर्यटन नको असं म्हणायला मी कोण? तिथल्या खवा-रबडीवाल्याला, मोथ्याच्या स्ट्रॉबेरीवाल्याला, गाइडला ते हवंच आहे. पण नवीन खाटेची परवानगी देताना ऑगस्टमधल्या रविवारचा अंदाज न पाहता मे महिन्यातलं पाणी मोजावं. त्या पातळीला किती माणसांचं भागतं, तिथेच रेषा मारावी, जशी समुद्राला मारली आहे. गर्दीच्या दोन महिन्यांसाठी मोडून नेता येतील असे तंबू आणि टपऱ्या असाव्यात, नगरपालिकेच्या जागेवर, तिथल्याच लोकांना सोडत काढून दिलेल्या. गाड्या वर न नेता खाली थांबवता येतात. माथेरानला त्या दस्तुरी नाक्यावर थांबतातच. आणि कुलूपबंद घरापेक्षा तिथे राहणाऱ्याच्या घरातली एक जादा खोली बरी, कारण त्या घरातला माणूस दहा महिने आणखी काही करत असतो, आणि पाणी किती उरलंय ते त्याला ठाऊक असतं.

आम्ही जागा घेतली नाही. एजंटचा फोन दिवाळीपर्यंत येत राहिला. ती जागा नंतर गेली म्हणे, चांगल्या भावानं. बाबांना त्याची चुटपुट आहे आणि ते ती लपवत नाहीत. दोन एकरांतली झाडं अजून वाळतायत. "मंग पैसा लावू कुठं?" असं ते मला अजून विचारतात, आणि चिखलदरा नको म्हणून सांगणाऱ्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर असायला हवं, हेही बरोबरच आहे. माझ्याकडे ते नाही.

यंदा मेमध्ये घरी गेलो तर बाबा जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली गेलेले. हातात ऑइलपेंटचा डबा होता. पाणी जिथे टेकलं होतं त्याच्या वरच्या दगडावर त्यांनी लाल रेघ मारली, शेजारी साल लिहिलं आणि वर आले. त्या वर्षी किती झाडं ठेवायची ते आता त्या रेघेवरून ठरवणार म्हणाले.