बाळगोळी

पुतण्याच्या तीन वर्षांच्या मुलाचं हायपोस्पेडियासचं ऑपरेशन ठरलं. लघवीची वाट टोकाला न येता खालच्या अंगाला उघडते, ती नीट करून घ्यायची. घरानं ते धीरानं घेतलं होतं. पण भूलतज्ज्ञ बाई "लागलंच तर थोडं मॉर्फिन" म्हणाल्या मात्र, आमची आई ताठ बसली.

"म्हणजे अफूच ना ती?"

आई गिरणगावातली. आजी गिरणीत कामाला होती. बाया पाळीला गेल्या की पोरं निजून राहावीत म्हणून चाळीत बाळगोळी द्यायचे. तिच्यात अफू असे. आईच्या पाठीवरचा नव्हे, तिच्या आधीचा एक भाऊ असाच निजला, तो उठला नाही. एवढंच आम्हाला माहीत. आजी त्यावर कधी बोलली नाही.

बाईंना घाई नव्हती. आधी मूल झोपवणार, मग कुशीवर वळवून माकडहाडाच्या वरच्या फटीतून बुपिव्हाकेनचं इंजेक्शन. काही तास कमरेखाली दुखणंच कळणार नाही. याला कॉडल म्हणतात. लहान मुलांतल्या कॉडलवर १९३३ साली लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मेरेडिथ कॅम्पबेल यांनी, आणि ते मूत्ररोगांचेच सर्जन. नंतर घड्याळ लावून पॅरासिटामॉल. त्यानं भागलं नाही तरच मॉर्फिन. कोडीन मात्र मुळीच नाही. काही मुलांचं यकृत त्याचं भराभर मॉर्फिन करून टाकतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेत २०१७पासून बारा वर्षांखालच्यांना वेदनेसाठी ते निषिद्धच आहे.

मला मात्र दुसरंच आठवत होतं. १९८०च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी नवजात बाळांवर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. त्यांना कुठं कळतंय, असा समज. इंदूरला डॉक्टर झालेल्या के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली दाखवलं, की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे अफूच्याच जातीचं वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीराला कमी ताण सोसावा लागतो. चाळीत काही दुखत नसताना अफू चाटवायची, आणि इकडे पोटाला सुरी लागताना हात आखडता घ्यायचा! हिशेब कुणाचा बरोबर होता, मला अजून लागत नाही.

ऑपरेशन झालं त्या रात्री पोर अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, मिनिटाभरात शांत. आम्ही मॉर्फिन मागायला धावलो. निवासी डॉक्टरनं बघितलं न बघितलं आणि मान हलवली: लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे मूत्राशयाला पेटके येताहेत, त्यावर मॉर्फिनचा फारसा उपयोग नाही. त्याचं औषध निराळं, ऑक्सिब्युटिनिन.

पहाटे मात्र जखमच ठणकायला लागली. तेव्हा वजनाच्या हिशेबानं, एक मिलिग्रॅमही नाही इतकं मॉर्फिन शिरेतून गेलं. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता. पोर सैलावलं. आईनं त्याच्या पोटावर हात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली.

"आजी, मशीन मोजतंय ना, पडा जरा," सिस्टर म्हणाल्या.

"मोजू दे त्याला," आई म्हणाली. हात तिथंच होता.