मसादाची पश्चिमेकडची वाट

पुणे

ती. स्व. काकांस,


मृत समुद्राच्या काठावरील मसादा या प्राचीन किल्ल्यास येत्या हिवाळ्यात भेट द्यावी आणि पूर्वेकडच्या सर्पवाटेने, म्हणजे वळणे घेत चढणाऱ्या जुन्या पायवाटेने, अंधारात निघून माथ्यावरून सूर्योदय पाहावा, असा काकांचा बेत पत्रावरून समजला. बेत रम्य आहे. परंतु ज्याला किल्ला बांधला कसा गेला आणि पडला कसा हे समजून घ्यायचे आहे, त्याने तो पश्चिमेकडून चढणे अधिक श्रेयस्कर ठरते. सूर्योदय कन्याकुमारीलाही दिसतो.

जुदियाच्या वाळवंटातील हा सुटा डोंगर मृत समुद्राच्या पातळीपासून ४५० मीटरहून अधिक उंच आहे, पण मृत समुद्रच समुद्रसपाटीहून ४०० मीटरपेक्षा अधिक खाली असल्यामुळे समुद्रसपाटीपासून मोजल्यास हीच उंची साठ मीटरांच्या आसपास भरते. माथ्याचे पठार सुमारे ६०० मीटर लांब आणि मध्यभागी ३०० मीटर रुंद असून चहूबाजूंस ताशीव कडे आहेत. सह्याद्रीतील गड हिंडलेल्याला ही रचना परिचित वाटेल. रोमच्या पाठिंब्यावर गादी मिळवलेल्या हेरोद राजाला प्रजेचे आणि इजिप्तच्या क्लिओपात्राचे सारखेच भय होते, असे ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो, आणि त्या भयापोटी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्याने या माथ्यावर दुहेरी तट, लांबलचक कोठारे, उष्ण हवेने तापणारे स्नानगृह आणि उत्तरेच्या कड्यावर तीन टप्प्यांत उतरणारा महाल बांधला. दुहेरी तट म्हणजे एकमेकींना समांतर अशा दोन भिंती, ज्यांच्यामधल्या जागेत आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. पुढे रोमविरुद्ध उठलेल्या बंडखोरांची कुटुंबे याच खोल्यांतून राहिली.

महालापेक्षाही पाण्याची व्यवस्था अधिक विचार करण्याजोगी आहे. या प्रदेशात वर्षभरात अत्यल्प पाऊस पडतो, तोही हिवाळ्यातील मोजक्या दिवसांत, आणि वरच्या डोंगरांत एखादी सर कोसळली की एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना काही तासांपुरता लोंढा येतो. हेरोदाच्या स्थपतींनी हे ओहोळ बांध घालून अडवले, पाणी उताराच्या पाटांनी डोंगराच्या वायव्य उतारावर आणले आणि तेथे कातळात खोदलेल्या बारा प्रचंड टाक्यांत साठवले, ज्यांची एकूण क्षमता सुमारे ४०,००० घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर, मानली जाते. तेथून पुढे माथ्यावरील टाक्यांपर्यंत पाणी माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून वाहावे लागे. रायगडावरील तलावांत आकाशातले पाणी आपोआप साचते. येथे प्रत्येक घागर चढवावी लागली. म्हणून ज्याने वायव्य उतारावरील या टाक्यांची तोंडे पाहिली नाहीत, त्याला माथ्यावरच्या तरणतलावाची चैन काय होती हे कळणार नाही, आणि ती तोंडे पाहण्यास पश्चिमेची बाजूच सोयीची आहे.

दुसरे कारण वेढ्याचे. इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला, ७० मध्ये जेरुसलेम पडले, आणि सिकारी या नावाने ओळखला जाणारा, कट्यार लपवून खून पाडणारा कडवा गट मसादावर टिकून राहिला. फ्लाविउस सिल्वा या रोमन सुभेदाराने इ.स. ७३ मध्ये, काही अभ्यासकांच्या मते ७४ मध्ये, दहाव्या पलटणीनिशी डोंगराला वेढा दिला, भोवती कित्येक किलोमीटर दगडी भिंत घातली आणि आठ छावण्या उभारल्या, ज्यांच्या पायाच्या रांगा कोरड्या हवेमुळे आजही जमिनीवर स्पष्ट दिसतात. पश्चिमेस दगडमातीचा जो चढ रचून रोमनांनी तट फोडण्याचे यंत्र वर नेले, त्याला मराठी युद्धपरिभाषेत दमदमा म्हणता येईल. मात्र या चढाचा बराचसा भाग मुळातच नैसर्गिक सोंड होता आणि रोमनांनी तिच्यावर भर घातली, असे भूगर्भशास्त्रीय पाहणीतून मांडले गेले आहे. पश्चिमेची वाट याच चढावरून जाते, ती सर्पवाटेपेक्षा पुष्कळ आखूड आहे आणि गुडघ्यांनाही मानवेल.

माथ्यावर मार्गदर्शक सामूहिक मरणाची कथा सांगेल. योसेफसच्या म्हणण्याप्रमाणे ९६० जणांनी शरण जाण्यापेक्षा मृत्यू पत्करला आणि केवळ दोन स्त्रिया व पाच मुले वाचली. योसेफस स्वतः तेथे नव्हता, आणि त्याच सिकारींनी एन गेदी गावावर धाड घालून ज्यू स्त्रिया-मुलांचीच कत्तल केली होती, हेही तोच नोंदवतो, पण हा भाग सहसा सांगितला जात नाही. यिगाएल यादिन यांनी १९६३ ते १९६५ या काळात केलेल्या उत्खननात नावे लिहिलेली खापरे मिळाली. ती अखेरच्या रात्री इतरांना कोणी मारायचे हे ठरवण्यासाठी टाकलेल्या चिठ्ठ्याच होत, असे मात्र सर्व संशोधक मानत नाहीत. आधी छावण्या, मग टाकी, मग कोठारे आणि शेवटी ही कथा, असा क्रम ठेवल्यास ती कथा योग्य आकारात दिसेल. भिंतींवरील काळ्या रेघेखालचा भाग मूळचा आणि वरचा पुन्हा बांधलेला, हे ध्यानात असावे.

व्यवस्थेविषयी थोडेसे. दोन्ही पायथ्यांना जोडणारा थेट रस्ता नाही. पश्चिमेस अराद गावातून जावे लागते. उतरताना पूर्वेकडच्या रोपवेने खाली यायचे असल्यास वाहन लांबच्या वळशाने पलीकडे पाठवावे लागेल, म्हणून हे आदल्या दिवशीच ठरवावे. शुक्रवारी किल्ला लवकर बंद होतो. पावसाचा अंदाज असल्यास, डोक्यावर ऊन असले तरी, ओढ्यांत उतरू नये, आणि निघण्यापूर्वी प्रदेशातील सुरक्षेची स्थिती पाहूनच तारीख नक्की करावी.

परतीचा मुक्काम दिमोना येथे ठेवता येईल. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची तेथे जुनी वस्ती आहे, आणि अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असे सांगणाऱ्या या समाजातील वडीलधाऱ्यांशी मराठीत बोलता येते. काकूंना किल्ल्यापेक्षा हा मुक्काम अधिक रुचण्याचा संभव आहे.

कळावे, आशीर्वाद असावा.

आज्ञाधारक पुतण्या