बंद कशी पडली?

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे पोटात गोळाच येतो. पण निघाला अमेरिकेतला भाचा. मिशिगनमध्ये तळ्याजवळ राहतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनी जेट-स्की घेतली, सेकंडहँड, टू-स्ट्रोक इंजिनाची.

"मामा, तळ्याच्या मध्यावर अचानक बंद पडली. पुढे लेक बसली होती."

दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि एका बोटवाल्याने त्यांना ओढून काठाला आणलं. पण तोवर अर्धा तास वाऱ्याबरोबर वाहवत होते. आवाजात अजून थरथर होती.

आता मी पुण्याचा माणूस. जेट-स्की मी फक्त तारकर्लीला लांबून पाहिलेली. पण टू-स्ट्रोक म्हटलं की मला चेतक आठवते. आकुर्डीला १९७२ पासून बनायला लागलेली, आमच्या घरातली जवळजवळ सदस्यच! (आता २०२० पासून त्याच नावाची विजेवरची मिळते. तिला ना धूर, ना किक. असो.)

चेतक बंद पडली की बाबा आधी हात लावायचे नाहीत. विचारायचे, "बंद कशी पडली?" गचके खात, अॅक्सिलरेटरला दाद न देता गेली तर पेट्रोल बघ. रिझर्व्हला आलीये का, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का. दिवा मालवावा तशी टक्कन गेली तर ठिणगी बघ. प्लगवर काजळी, सुटलेली वायर, स्विच. आणि कुणी मागून धरून ठेवल्यासारखी, आवाज बदलून गेली, तर किक मारूच नकोस. पिस्टन चिकटलाय.

हेच मी भाच्याला सांगितलं. मनगटाला बांधायची दोरी सुटली तर जेट-स्की टक्कन बंद होते, ती सुरक्षेसाठीच असते, तर ती क्लिप बघ. काही करण्याआधी सीट उघडून वारा लागू दे, आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. उलटली असेल तर सिलिंडरमधलं पाणी काढल्याशिवाय स्टार्टर मारू नकोस.

"आणि नक्की कशी बंद पडली रे?"

"अचानक, मामा."

हा "अचानक" मला चांगलाच ओळखीचा आहे.

कॉलेजात असताना मी चेतक घेऊन मित्रांबरोबर कात्रजच्या घाटात गेलो होतो. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, लिटरला साधारण वीस मिली. चहाचे पैसे वाचवायला मी पंपावर नुसतंच पेट्रोल भरलं. चढावर आवाज कोरडा झाला, मागचं चाक धरलं आणि गाडी थांबली. तासाभराने गार झाल्यावर सुरू झाली, कशीबशी घरी आणली.

बाबांनी विचारलं, "बंद कशी पडली?"

मी म्हटलं, "अचानक."

त्या बिचाऱ्यांनी दोन रविवार घालवले. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, वायरी तपासल्या. मी शेजारी पाना धरून उभा! शेवटी मेकॅनिकने हेड उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. बाबांनी बोट फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तेल कमी पडलेलं दिसतंय." बोअरिंगला त्या महिन्याचे बरेच पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी डिकीत एक छोटी बाटली दिसली. टूटी ऑइलची, झाकणात वीस मिलीची खूण केलेली. त्यावर ते कधीच बोलले नाहीत. मीही नाही.

हे सगळं त्या रात्री भाच्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, आदल्या दिवशी शेजाऱ्यांना आवाज ऐकवायला मी ती घरासमोर ट्रेलरवरच चालवली. पाच-सात मिनिटं. पाण्याचा पाइप न जोडता. आणि बंद पडायच्या आधी आवाज बदलला होता."

जेट-स्की थंड राहायला तळ्याचंच पाणी ओढून घेते. जमिनीवर तिला पाणी कुठून मिळणार? म्हटलं, आता स्टार्टर मारू नकोस, कॉम्प्रेशन मोजून घे. आज सकाळी त्याचा मेसेज आला. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पारच बसलंय. आणि खाली एक ओळ : बायकोलाही खरं सांगितलं.

(हे त्याला विचारूनच लिहितोय.)

इंजिन स्वतःहून बोलत नाही. त्याच्या वतीने आपल्यालाच खरं बोलावं लागतं, नाहीतर शेजारचा माणूस भलत्याच वायरी तपासत बसतो. बाबांना कळलं होतं, हे आता मला कळतं. त्यांनी ती बाटली ठेवून मला बोलायला जागा करून दिली होती.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. बाटली अजून आहे माझ्याकडे.