आधी दिवा, मग पान्हा

जुन्या गाडीचा बिघाड दोन तऱ्हेचा असतो. एक दिसणारा आणि एक लपलेला. चेन तुटली, टायर फुटला, सायलेन्सर गळून पडला, तर रस्त्यावरचं शाळेचं पोरगंसुद्धा बोट दाखवून सांगतं. करंटच्या बिघाडाचं तसं नाही. तार वरनं धडधाकट दिसते आणि आत काळी पडलेली असते. बोल्ट आवळलेला असतो, पण त्याच्याखाली गंज असतो. मग माणूस अंदाजानं सामान बदलत सुटतो. आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा आणि काही. खिसा रिकामा होतो आणि बिघाड होता तिथंच बसून राहतो. गाडीत आणि विहिरीवरच्या मोटारीत मी हे चाळीस वर्षं बघत आलोय.

आमच्या घरी बुलेट आली १९८० साली. मॉडेल १९७६ चं. ही गाडी मूळची इंग्लंडची, पण १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. आबांनी उसाच्या बिलातनं ती जुनीच घेतली. तासगाव भागात तेव्हा द्राक्षबागा वाढायला लागल्या होत्या, पण आमच्याकडं अजून ऊसच होता. गेअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गेअर वर, बाकीचे तीन खाली. दुसऱ्या गाडीची सवय असलेला पाहुणा तिच्यावर बसला की ब्रेक समजून गेअर दाबायचा आणि आम्ही बांधावर बसून हसायचो.

दहावी झाली आणि माझी शाळा सुटली. शेतातलं काम हलकं असलं की मी मिरजेला एका मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन बसायचो. पगार नव्हता, चहा मिळायचा. मिस्त्री बोलायचे कमी. पण एक वाक्य त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल, “आधी दिवा, मग पान्हा.” म्हणजे आधी करंट कुठपर्यंत येतोय ते दिवा लावून बघ, मगच बोल्टाला हात घाल. पोरं मात्र गाडी आली की आधी पान्हा उचलायची.

करंट म्हणजे काय हे मला पुस्तकातनं कधी कळलं नव्हतं. ते कळलं पाण्यामुळं. आमच्या विहिरीवरनं वरच्या रानात पाइपलाइन गेलीय. पाणी जोरात चाललेलं असताना खालचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की लाइनीला असा धक्का बसतो, की एखादा सांधा फुटतोच. पाण्याचा दाब होता तेवढाच असतो, पण वाहतं पाणी अचानक अडवलं म्हणून त्याचा हिसका कितीतरी पटीनं वाढतो. बुलेटची कॉइल हेच करते. बॅटरीचा सहा व्होल्टचा करंट कॉइलमधनं वाहत असतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो आणि वाहता करंट एकदम तुटतो. त्या हिसक्यात कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. सहा व्होल्टातनं हजारो व्होल्ट कसे निघतात, याचं उत्तर त्या फुटलेल्या सांध्यात आहे. आणि पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो, तो पॉइंटवर उठणारा हिसका गिळतो. कंडेन्सर गेला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच खेळते आणि पॉइंट जळून काळे पडतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर नुसते पॉइंट घासू नयेत, कंडेन्सर बघावा.

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक लहान मीटर असतो, अँपिअरचा. बरेच जण तो शोभेला आहे असं समजतात. मिस्त्री त्याला गाडीची नाडी म्हणायचे. चावी फिरवायची आणि किक हातानं सावकाश खाली दाबायची. पॉइंट मिटलेले असले की काटा वजाकडं सरकतो, उघडले की मधे येतो. काटा असा हलला, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट शाबूत आहे असं धरायचं. काटा हललाच नाही, तर करंट मधेच कुठंतरी अडलाय किंवा पॉइंट मिटतच नाहीत. काटा वजाकडं जाऊन तिथंच चिकटून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तार कुठंतरी बॉडीला टेकलीय. एक पैसा खर्च न करता, एक बोल्ट न काढता निम्मी गाडी तपासून होते. मग पॉइंटमधली फट फिलर गेजनं बघायची, साधारण पंधरा थाऊ. प्लग काढून इंजिनाला टेकवायचा आणि ठिणगी बघायची. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली ठिणगी म्हणजे पाणी लाइनीच्या शेवटापर्यंत पोचत नाही.

सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टपेक्षा नाजूक असते. छत्तीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टावर तीन अँपिअर खातो, सहा व्होल्टावर सहा. म्हणजे तेवढ्याच उजेडाला दुप्पट करंट वाहून न्यावा लागतो आणि प्रत्येक सांध्यावर त्याचा भार पडतो. वर एखाद्या गंजक्या जोडात अर्धा व्होल्ट मेला, तर बारातनं अर्धा गेला तर फारसं कळत नाही. सहातनं अर्धा गेला तर बारावा हिस्सा गेला. म्हणून या गाड्यांत महागाचं सामान जेवढं मरतं, त्यापेक्षा जास्त त्रास सांधे देतात.

टेस्ट लॅम्पची एक खुबी मी मिस्त्रींकडनंच शिकलो. सगळे जण मीटरमधला बारीक बल्ब दोन तारा जोडून वापरायचे. मिस्त्री हेडलाइटचा जुना जाड बल्ब वापरायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बारीक बल्बाला करंट लागतो किती? चिमूटभर. चिमूटभर करंट सडक्या तारेतनंसुद्धा जातो. बल्ब पेटतो आणि आपण म्हणतो, तार चांगली हाय. तारेवर ओझं टाक, मग ती खरं बोलती.”

हे वाक्य पुढं फार वेगळ्या ठिकाणी कामाला आलं.

आबा गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. रान वाटलं, घर वाटलं, विहीर सामाईक राहिली. बुलेट धाकट्याकडं गेली, कारण मला पाठीचा त्रास सुरू झाला होता. पाच-सहा वर्षं सगळं बरं चाललं. सणाला एकमेकाच्या घरी ताट जायचं. मग एका कोरड्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला आणि पाण्याच्या पाळीवरनं बोलणं बंद झालं. बोलणं बंद म्हणजे मारामारी नव्हे. लग्नकार्यात शेजारी बसायचं, पण निरोप पोरांच्या तोंडून द्यायचा. आमच्या भागात असं बरंच असतं. विहिरीला पाणी होतं तोवर आमचा सांधा कसा आहे हे कुणी तपासलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी कार्तिकात पुतण्या आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

“नाना, गाडी रातीची बंद पडतीय. तीनदा गॅरेजला टाकली. बॅटरी नवी, कॉइल नवी, पॉइंट-कंडेन्सर नवं. आता म्हणत्यात, समदं वायरिंग बदला.”

“मग बदला की.”

“बापू म्हणतोय, इकून टाकू. पुण्याचा एकजण रविवारी येणाराय. वायरिंग गेलंय म्हणून निम्म्यात मागतोय.”

आबांची गाडी निम्म्यात. मी काहीच बोललो नाही. सुपारी कातरत बसलो. मग त्याला चार गोष्टी विचारल्या. गाडी गरम झाल्यावर बंद पडते का? नाही. तसं असतं तर मी आधी कॉइलवर संशय घेतला असता, कारण खराब कॉइल तापली की दम तोडते आणि गार झाली की परत सुरू होते. खड्ड्यात आदळल्यावर? नाही, म्हणजे सैल तार नव्हे. हँडल वळवताना? नाही. हँडलच्या मानेपाशी वायरिंग रोज वाकतं, त्यामुळं तिथल्या तारा आतनं तुटतात, पण इथं तेही नव्हतं. मग कधी?

“लाइट लावली आणि गाडी हळू झाली की. डांबरीवर पळती. गावात शिरली, गल्लीत सावकाश घेतली की फटफट करून मरती. दिवसा काय बी न्हाई.”

इथं मला बरंचसं कळलं. इंजिन जोरात असलं की ऑल्टरनेटर करंट देतो. इंजिन हळू झालं की तो कमी पडतो आणि हेडलाइट, कॉइल सगळ्यांचं ओझं बॅटरीवर येतं. ओझं आलं की गाडी मरते. बॅटरी तर नवी होती. म्हणजे बॅटरीपासून निघणाऱ्या किंवा बॅटरीकडं परत येणाऱ्या वाटेत सांधा कच्चा होता.

“गाडीला काय केलं होतं मधी?”

“दसऱ्याला चेसीला पावडर कोटिंग केलं. लई झ्याक दिसती आता.”

मी माळ्यावरनं जाड बल्बाचा दिवा काढला आणि उठलो. धाकट्याच्या अंगणात मी तब्बल तीन वर्षांनी पाय ठेवला. तो ओट्यावर बसला होता. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं मान हलवली, मीही हलवली.

गाडी खरंच देखणी झाली होती. मी सीट आणि कव्हर काढलं. बॅटरीची एक तार वायरिंगला जाते, दुसरी चेसीला. गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार देत नाहीत, चेसी आणि इंजिन हीच परतीची वाट. पॉइंटचा करंटही इंजिनातनं, चेसीतनं बॅटरीकडं परततो. मी दिव्याचं एक टोक बॅटरीच्या वायरिंगकडच्या टर्मिनलला लावलं, दुसरं थेट दुसऱ्या टर्मिनलला. बल्ब लख्ख पेटला. बॅटरी चांगली होती. आता तेच दुसरं टोक चेसीला टेकवायचं होतं, पण रंग इतका चिवट, की उघडं लोखंड सापडेना. एक हात दिव्याला, एक हात बॅटरीला, आणि डोळ्याला चष्मा असूनही संध्याकाळचा उजेड पुरेना.

धाकटा कधी शेजारी येऊन बसला, कळलं नाही.

“दे हिकडं,” तो म्हणाला. दिवा हातात घेतला. “कुठं टेकवू?”

“इंजिनाच्या बोल्टाला.”

त्यानं टेकवलं. बल्ब पेटला, पण कसा? राखेत फुंकर मारल्यावर निखारा दिसतो तसा, तांबूस. आम्ही दोघंही त्या बल्बाकडं बघत राहिलो.

बॅटरीची तार चेसीला ज्या बोल्टानं जोडली होती तो पुतण्याकडनं काढून घेतला. खाली पावडर कोटिंगचा जाड थर तसाच होता, फक्त बोल्टाच्या आट्यांनी जिथं रंग खरवडला होता तेवढंच लोखंड लोखंडाला लागत होतं. चिमूटभर करंटाला ती वाट पुरत होती. दिवसा गाडी चालायची. रात्री हेडलाइटचं ओझं पडलं की त्या एका जोडात व्होल्ट मरायचे आणि कॉइलला ठिणगी पाडायलाही उरायचे नाहीत. तीन गॅरेजवाल्यांनी तपासलं नसेल असं नाही. पण त्यांचा बल्ब बारीक असणार.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासली. तारेचं टोक घासलं, बोल्ट घासला, आवळून वरनं थोडं ग्रीस लावलं, म्हणजे पाणी शिरत नाही. तसंच इंजिनाकडनं एक जाडसर तार थेट बॅटरीच्या त्याच टर्मिनलला आणली. खर्च चाळीस रुपये, तोही तारेचा. परत दिवा टेकवला. लख्ख.

रात्री पुतण्यानं हेडलाइट लावून गल्लीतनं गाडी अगदी सावकाश तीन फेऱ्या फिरवली. धडधड कुठं चुकली नाही. आबा दूध घालून यायचे तेव्हाही हाच आवाज दूरवरनं यायचा आणि आई चूल पेटवायची. धाकटा ओट्यावर बसून ऐकत होता. काही बोलला नाही. जाताना म्हणाला, “चहा ठेवलाय.”

रविवारी पुण्याचा माणूस आला. गाडी फिरवून बघितली आणि किंमत वाढवली. धाकटा त्याला म्हणाला, “थोरल्याला इचारतो.” माझ्याकडं आला. मी म्हणलं, “तुझ्या वाट्याची गाडी. तू म्हणशील तसं.” तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मग ऱ्हाऊ दे.”

पाण्याच्या पाळीचा प्रश्न मात्र आहे तिथंच आहे. एका बोल्टनं सगळं सुटतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण यंदाच्या उन्हाळ्यात पाळी ठरवायला पोरांना मधे घालावं लागलं नाही. आम्हीच बांधावर बसलो, दोनदा आवाज चढला, आणि शेवटी आठवडा तीन-चार दिवसांत वाटून घेतला. विहिरीनं यंदाही तळ गाठला होता. ओझं तेवढंच होतं, या वेळी सांधा टिकला.

ज्यांच्याकडं अशी जुनी गाडी आहे त्यांनी जुना हेडलाइटचा बल्ब फेकून देऊ नये. त्याला हातभर लांब दोन तारा आणि टोकाला दोन क्लिपा लावून घ्याव्यात. गाडीच्या व्होल्टाचाच बल्ब घ्यावा, सहाच्या गाडीला सहाचा. काचेला हात लावू नये, भाजतो. वायरिंगला हात घालण्याआधी बॅटरीची चेसीकडची तार सोडावी, म्हणजे पान्हा कुठं टेकला तरी जाळ होत नाही. आणि कुणी सगळं वायरिंग बदला म्हणालं, तर आधी घरी येऊन हा दिवा लावून बघावा. माझा दिवा सध्या धाकट्याकडं आहे. पुतण्याला शिकायचंय म्हणून मागून नेलाय.