अपवादाची यादी

व्हायरस काढायला आता मला फारसं कुणी बोलावत नाही. बोलावतात ते अँटिव्हायरस आडवा आला म्हणून. महागाव तालुक्यातलं फुलसावंगी आणि आजूबाजूची गावं, इथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना गेल्या काही वर्षांत हा बदल झाला. पीएम-किसानच्या हप्त्याआधी ई-केवायसीची गर्दी होते, जुलैअखेरीस पीकविम्याची मुदत संपत येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सेवा केंद्रांतून फोन येतात. "भाऊ, मशीन अंगठाच घेऊन नाही राहिली." "भाऊ, सातबाऱ्याचं पान लाल काऊन येते?"

जाऊन बघावं तर मशीन चांगली असते, वायर चांगली असते. पहिला संशय बोटांवर जातो. या पट्ट्यात कापूस वेचून, हळद काढून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात हे खरंच आहे. म्हातारी माणसं पदराला, धोतराला बोट पुसून पुन्हा काचेवर ठेवतात, आणि आपल्यामुळेच सगळ्यांचा खोळंबा झाला असा चेहरा करून उभी राहतात. तो चेहरा मला बघवत नाही, कारण पुष्कळदा दोष त्यांच्या बोटात नसतोच.

अंगठ्याच्या मशीनसोबत कॉम्प्युटरमध्ये आरडी सर्व्हिस नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. आधार प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार हा प्रोग्राम त्याच कॉम्प्युटरच्या आत, १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर कान लावून बसतो. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान एकेक पोर्ट ठोठावत जातं. प्रोग्राम सापडला की त्याला अंगठा घ्यायला सांगतं. मग मशीनचा दिवा लागतो, ठसा घेतला जातो आणि तिथल्या तिथे सांकेतिक रूपात बदलून पुढे जातो. वेबवरचं बहुतेक बोलणं 'गेट' आणि 'पोस्ट' या दोन हाकांवर चालतं. इथे मात्र 'आरडीसर्व्हिस', 'डिव्हाइसइन्फो', 'कॅप्चर' अशा वेगळ्याच हाका आहेत.

आता अँटिव्हायरसच्या जागी बसून हे पाहा. बाहेरून आलेलं एक पान कॉम्प्युटरच्या आतली दारं एकामागून एक ठोठावतंय, आणि ओळखीची नसलेली हाक देतंय. चोर याहून वेगळं काय करतो? अडवलं यात अँटिव्हायरसचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण अडवल्याचं त्याने सांगितलं नाही, हे चुकलं. पडद्यावर येतं ते एवढंच, की डिव्हाइस सापडलं नाही. केंद्रचालक यूएसबीची जागा बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो, शेवटी उसनवारी करून नवी मशीन आणतो. बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

कधीतरी त्याला कळतं, की अँटिव्हायरस बंद केला की अंगठा लागतो. तिथून पुढचा रस्ता ठरलेला असतो. घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवी टिचकी मारायची, संरक्षण किती वेळ बंद ठेवायचं ते विचारलं जातं, त्यातला सगळ्यात लांबचा पर्याय निवडायचा. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताच्या तारेला झटका मशीन लावतात. तीच तार रोज पाणी द्यायला जाणाऱ्या मालकाला झटका देऊ लागली, तर मालक दुसऱ्या दिवशी बटण बंद करेल, आणि डुकरं तिसऱ्या दिवशी शेतात असतील.

सगळं बंद करणं आणि नेमका अपवाद घालणं यांच्यात माझं सगळं काम बसतं. अपवाद कसा घालावा याचं कुठे शिक्षण मिळत नाही. अख्खा सी ड्राइव्ह अपवादात टाकून मोकळं झालेले कॉम्प्युटर मी पाहतो. तिथे अँटिव्हायरस नावापुरताच उरलेला असतो. मी आधी संरक्षणाचा एकेक थर उतरवत जातो. वेब फिल्टर बंद केल्यावर अंगठा लागतो का? नाही? मग एचटीटीपीएस तपासणी. मग फायरवॉल. दोषी थर सापडला की बाकी सगळे परत चढवायचे, आणि त्या एका थरात आरडी सर्व्हिसचा एकच प्रोग्राम, घरचा पत्ता आणि त्या कामाच्या साइटचं पूर्ण नाव एवढंच घालायचं. हे सगळं केंद्रातल्या वहीत तारखेसह लिहून ठेवायचं. अपडेटनंतर अपवाद पुसले जातात, तेव्हा ती वही कामाला येते. आणि ज्या योजनेचं पोर्टलच बंद झालं तिचा अपवाद काढून टाकायलाही तीच वही लागते. जुना अपवाद म्हणजे कुणी पाहत नसलेलं उघडं दार असतं.

एचटीटीपीएस तपासणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण लाल पानाचं मूळ बहुधा तिथे असतं. पूर्वी वेबची बरीच वाहतूक उघडी होती आणि अँटिव्हायरसला ती वाटेतच वाचता येई. गेल्या दहा वर्षांत जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर गेल्या; ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळेनासं झालं. हे चांगलंच झालं, पण त्या तिसऱ्यात अँटिव्हायरसही आला. त्यावर अनेक कंपन्यांनी असा मार्ग काढला, की विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवायचं, साइटशी आपण बोलायचं, आणि ब्राउझरला साइटच्या नावाने स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र दाखवायचं. ब्राउझरला वाटतं बँकेशी बोलतोय. बोलत असतो तो अँटिव्हायरसशी. हेतू रक्षणाचा असला तरी ही पद्धत हेरगिरी करणाऱ्याचीच आहे. ती नीट राबवली नाही, तर ब्राउझरने स्वतः केलेली कडक तपासणी वाया जाते.

हा नुसता तर्क नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतली विद्यापीठं, मोझिला, गूगल आणि क्लाउडफ्लेअर इथल्या संशोधकांनी अशा मधल्या हस्तक्षेपाचं मोजमाप केलं. फायरफॉक्सच्या अपडेट सर्व्हरकडे येणाऱ्या जोडण्यांपैकी ४ टक्के, त्यांनी पाहिलेल्या खरेदीच्या साइटांवर ६.२ टक्के आणि क्लाउडफ्लेअरकडे अमेरिकेतून येणाऱ्यांपैकी १०.९ टक्के जोडण्या वाटेत कुणीतरी उघडलेल्या होत्या. आणि त्यांतल्या अनेकांची सुरक्षा त्यामुळे कमी झाली होती. जानेवारी २०१९ च्या अखेरीस फायरफॉक्सची ६५ वी आवृत्ती आली, तेव्हा अव्हास्ट आणि एव्हीजी वापरणाऱ्यांना साध्या साध्या साइटवर प्रमाणपत्राच्या चुका दिसू लागल्या. मोझिलाला विंडोजवरचं अपडेट काही काळ थांबवावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ६८ व्या आवृत्तीत त्यांनी अशा वेळी विंडोजमधलं मूळ प्रमाणपत्र आपोआप मान्य करण्याची सोय केली. क्रोमने उलट बाजूने बांध घातला. इतर प्रोग्राम क्रोममध्ये आपला कोड घुसवतात तेव्हा ब्राउझर कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते, असं गूगलने २०१७ मध्ये सांगितलं आणि पुढच्या दीड वर्षात टप्प्याटप्प्याने तो कोड अडवला. चार जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फॉर्म भरणाऱ्याला ब्राउझर आणि अँटिव्हायरस यांच्या ओढाताणीतलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं, की शेवटच्या पानावर क्रोम बंद पडलं आणि फॉर्म पहिल्यापासून भरायचा आहे.

माझा राग अँटिव्हायरसवर आहे असं कुणी समजू नये. या धंद्याचं महाराष्ट्रातलं मूळ दुरुस्तीच्या टेबलावरच आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा व्हायरसने बिघडून येतात, हे पाहून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्राम लिहिले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली, तिचीच पुढे क्विक हील झाली, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ती शेअर बाजारात गेली. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसून अडचण सांगतंय आणि त्यावरून हत्यार घडतंय, हा त्या सुरुवातीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आज जगभरच्या ज्या कंपन्या ब्राउझरचं संरक्षण बनवतात, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत सेवा केंद्राचा चालक कुणी बसवलेला दिसत नाही.

पैसे भरण्यासाठी मिळणारी वेगळी सुरक्षित खिडकी हे त्याचं ठळक उदाहरण. कल्पना चांगली आहे: बँकेचं पान आलं की ते वेगळ्या, बंदिस्त ब्राउझरमध्ये उघडायचं, कळा टिपणारे आणि पडदा चोरणारे प्रोग्राम बाहेर ठेवायचे. फोनवरून कुणीतरी "एनीडेस्क टाका" म्हणून सांगतो आणि खातं रिकामं होतं, अशा फसवणुकीत अशी खिडकी माणसाला वाचवू शकते. पण डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे १५ रुपये भरायचे असतात, तेव्हा काम एका खिडकीत सुरू झालेलं असतं. अर्ज, लॉगिन, खाते क्रमांक सगळं तिथे. पैशाचं पान दुसऱ्या खिडकीत उडी मारतं, तिला आधीच्या लॉगिनची काही ओळख नसते. पैसे कापले जातात आणि पहिल्या खिडकीला ते कळत नाही. पंधरा रुपये थोडे असले तरी "पैसे गेले न सातबारा नाही आला" हे वाक्य गावभर फिरतं, आणि पुढच्या वेळी तोच माणूस रोख घेऊन तालुक्याला जातो. म्हणून मी ती खिडकी केंद्रचालकाच्या स्वतःच्या बँकेपुरती चालू ठेवतो. तिथे व्यवहार सुरू होतो तिथेच संपतो.

ब्राउझरमध्ये बसणारी अँटिव्हायरसची एक्स्टेन्शन मात्र मी बहुतेक ठिकाणी काढूनच टाकतो. शोधलेल्या निकालांपुढे हिरवी खूण लावण्यासाठी ती प्रत्येक पान वाचायची परवानगी मागतात. २०१५ च्या डिसेंबरात गूगलचे टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिलं, की एव्हीजीच्या अशाच एका एक्स्टेन्शनमुळे क्रोमच्या सुमारे ९० लाख वापरकर्त्यांची माहिती उघडी पडू शकते. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एका नियतकालिकाने उघड केलं, की कॅस्परस्की प्रत्येक पानात जी ओळ घुसवतं, तिच्यातल्या क्रमांकावरून कुठल्याही साइटला तो वापरणारा ओळखता येत होता. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या भटकंतीची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर दिवसभर दुसऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, उत्पन्नाचे दाखले उघडलेले असतात. ते वाचण्याची परवानगी हिरव्या खुणेसाठी देणं मला पटत नाही. खोटी पानं ओळखण्याचं काम क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर स्वतः करतातच. घातक पान सरासरी दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, असं सांगून गूगलने मार्च २०२४ मध्ये क्रोममधली ही तपासणी जवळपास त्या क्षणाला होईल अशी केली. ती मी कधीच बंद करत नाही, आणि कुणी बंद केली असेल तर चालू करूनच उठतो.

लोक इशारे वाचतच नाहीत, असं माझ्या धंद्यातले पुष्कळ जण म्हणतात. मला ते मान्य नाही. २०१३ मध्ये देवदत्त आखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट या संशोधकांनी अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांचा अभ्यास केला. प्रमाणपत्राचा इशारा ओलांडून पुढे जाणारे क्रोममध्ये ७० टक्के होते, तर फायरफॉक्समध्ये ३३. घातक आणि फसव्या साइटांचा इशारा ओलांडणारे दोन्हीकडे चौथ्या हिश्श्याहून कमी. इशारा कसा लिहिला, किती वेळा दाखवला आणि तो खरा निघतो का, यावर माणसं वागतात. फुलसावंगीत घरी मराठी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या माणसासमोर इंग्रजीत 'अविश्वसनीय प्रमाणपत्र' अशा अर्थाची चौकट आली, आणि गेल्या पाच वेळा ती स्वतःच्याच सरकारी पोर्टलवर आलेली असली, तर सहाव्या वेळी त्याने 'पुढे जा' दाबलं यात त्याचा निष्काळजीपणा कुठे आला?

या गावाला इंटरनेट नुसतं दाखल्यांपुरतं लागत नाही. इथल्याच एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने व्हिडिओ पाहून हेलिकॉप्टर बनवलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चाचणीत तो गेला; त्या बातम्यांत फुलसावंगीचं नाव देशभर छापून आलं. शाळा सुटलेल्या पोराला एवढं शिकवणारी दुसरी जागा इथे नव्हती. अशा लोकांच्या हातातलं साधन सुरक्षित आणि उघडं, दोन्ही असायला हवं.

आता धोका फोनकडे सरकतोय. पीएम-किसानच्या नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते, तिथे कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस काही करू शकत नाही. म्हणून अपवाद घालून झाल्यावर मी केंद्रचालकासोबत अर्धा तास पत्त्याच्या पट्टीवर घालवतो: सरकारी साइटचा शेवट काय असतो, बँकांनी ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायचं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश काय होता, आणि पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन का करायचा. हे त्याला कळलं की तो रांगेतल्या माणसाला सांगतो, त्याच्या बोलीत.

अँटिव्हायरस बनवणाऱ्यांकडे माझं मागणं लहान आहे. अडवा, पण अडवल्याचं सांगा. चौकटीत मराठीत लिहा: "अंगठ्याच्या मशीनशी बोलणाऱ्या या पानाला आम्ही थांबवलं आहे. पानाचा पत्ता हा. तो तुमच्या ओळखीचा असेल तर एवढ्याच पानाला परवानगी द्या." खाली दोन बटणं द्या. आणि 'कायमचं बंद' हा पर्याय त्या चौकटीत ठेवूच नका.